जुनी युद्धनौका घेताना आणि देताना : संरक्षण मंत्रालय आणि नौदल मुख्यालयाला खुलं पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, संरक्षण मंत्रालय
मा. नौदलप्रमुख, नौदल मुख्यालय
नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

२२ जुलै २०२३ रोजी व्हिएतनामच्या कॅम रान बंदरात 'आयएनएस कृपाण'वरचा आपला ध्वज उतरला आणि ती कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका, व्हिएतनामच्या नौदलाकडे गेली. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेली, जानेवारी १९९१ मध्ये नौदलात दाखल झालेली, बत्तीस वर्षं राबलेली आणि तरी चालत्या स्थितीत असलेली नौका. त्याआधी २०२० मध्ये 'सिंधुवीर' ही पाणबुडी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डात रिफिट, म्हणजे मोठी दुरुस्ती आणि नूतनीकरण, करून आपण म्यानमारला दिली होती. 'कृपाण'ची बातमी वाचली तेव्हा ऊर भरून आला. माझ्या पिढीने गंगा उलटी वाहताना पाहिली आहे. दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या जहाजांवर आपलं नाव रंगवलं जायचं, आणि त्या नावावर आम्ही जीव टाकायचो. आता देणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे आहोत.

म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. मागणी एकच आहे. जुनी युद्धनौका दुसऱ्या देशाकडून घ्यायची असो की दुसऱ्याला द्यायची असो, तिचा करार हस्तांतराच्या दिवसापुरता नसावा. ती मोडीत निघेल त्या दिवसापर्यंतचा असावा. तिच्या पोटात कोणकोणते घातक पदार्थ आहेत, तिचे खरे आराखडे कुठे आहेत, सुटे भाग कोण आणि किती वर्षं पुरवणार, रिफिटचं काम वाढलं तर पैसे कोण भरणार आणि शेवटी तिचं काय करायचं, हे सगळं सही होण्याआधी कागदावर यावं. आपल्या आजवरच्या मोठ्या व्यवहारांत यातलं काही ना काही राहून गेलं आणि ते नंतर खलाशांना, कामगारांना आणि तिजोरीला निस्तरावं लागलं.

मी मुंबईत चौतीस वर्षं जहाजदुरुस्तीत काढली. फिटर म्हणून लागलो, चार्जमन होऊन निवृत्त झालो. नौदलाच्या धोरणावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण जुनं जहाज आतून कसं असतं ते मी हाताने चाचपलेलं आहे आणि त्यावर मात्र मला बोलता येतं.

ड्राय डॉकमधलं पाणी उतरलं की जहाज पहिल्यांदा पूर्ण दिसतं. शेवाळ, कालवं, रंगाचे पोपडे. चिपिंगवाले सगळं खरवडून काढतात आणि मग पत्र्याची जाडी मोजायची वेळ येते. पुढे त्यासाठी अल्ट्रासोनिकचं यंत्र आलं, पण माझे पहिले फोरमन हातोडीवर काम करायचे. हातोडी एका लयीत मारत चालायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. चांगला पत्रा खणखणतो. आतून गंज लागलेला पत्रा बद्द आवाज देतो. तिथे खडूने गोल काढायचा आणि पुढे जायचं. एका जुन्या जहाजाला कागदावर चाळीस-पन्नास चौरस मीटर पत्रा बदलायचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर उजवी बाजू गोवर आल्यासारखी खडूच्या गोलांनी भरली होती. फोरमन म्हणाले, "कागद आपला कागदाच्या जागी. जहाज उघडल्याशिवाय बोलू नये." हे वाक्य मला आयुष्यभर पुरलं.

आत गेलं की आणखी गमती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश जहाजांना व्हिटवर्थचे आटे. त्याला मेट्रिकचा पाना लावला की बोल्टचे कोपरे उडतात आणि दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. बल्कहेडमधून, म्हणजे कप्प्यांमधल्या भिंतीतून, केबल जातात तिथे मनगटाएवढा गठ्ठा असतो. त्यातल्या निम्म्या केबल मेलेल्या, कुठून आल्या आणि कुठे जातात ते कोणालाच माहीत नाही, आणि जिवंत केबल तुटेल म्हणून त्यांना हात लावायला कोणी धजत नाही. आराखड्यात व्हॉल्व्ह डाव्या हाताला दाखवलेला असतो आणि प्रत्यक्षात तो उजवीकडे, टाकीच्या मागे सापडतो, कारण वीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी रिफिटमध्ये कोणी तरी तो हलवला आणि आराखड्यावर नोंद केली नाही. जुन्या जहाजाची खरी माहिती अशी माणसांच्या डोक्यात असते. जहाज विकलं जातं तेव्हा ती माणसं बरोबर येत नाहीत.

आपल्या नौदलाची सुरुवात अशाच जहाजांवर झाली. १९४८ मध्ये आलेली 'दिल्ली' ही मूळची 'अकिलीस'. १३ डिसेंबर १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मनीच्या 'ग्राफ स्पे'वर तोफा डागणारी क्रूझर. १९५७ मध्ये दाखल झालेली 'म्हैसूर' मूळची 'नायजेरिया'. १९४९ मध्ये आलेल्या 'राजपूत', 'रणजित' आणि 'राणा' या विनाशिकाही ब्रिटिश नौदलातूनच आल्या. स्वतंत्र देशाला समुद्र सांभाळायचा होता, पैसा नव्हता, गोद्यांना युद्धनौका बांधायचा सराव नव्हता. त्या काळात जुनी जहाजं घेण्याचा निर्णय मला आजही योग्यच वाटतो. त्यांच्यावर शिकलेल्या माणसांनीच पुढे माझगाव गोदीत 'निलगिरी' उभी केली.

'विक्रांत'ची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण माझी मागणी तिथूनच सुरू होते. 'हर्क्युलिस' या नावाने १९४३ मध्ये तिची बांधणी सुरू झाली, सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, आणि युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट थांबलं. बारा-एक वर्षं हा सांगाडा तसाच पडून होता. जानेवारी १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत तिला तिरकी धावपट्टी, विमान जोराने पुढे फेकणारं वाफेचं कॅटापुल्ट आणि बदललेला मनोरा मिळाला, आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात आली. म्हणजे सांगाडा महायुद्धातला आणि अवजारं जेट विमानांच्या काळातली. आधुनिकीकरण चांगलं झालं होतं यात शंका नाही.

पण बॉयलर ब्रिटिश होते आणि त्यांचे भागही ब्रिटनमध्येच बनत. १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तपासणी झाली तेव्हा बॉयलरच्या वॉटर ड्रमना, म्हणजे पाण्याच्या पिंपांना, भेगा सापडल्या. वेल्डिंगने भरून निघण्यासारख्या नव्हत्या. नवे ड्रम भारतात मिळत नव्हते, ते ब्रिटनकडून मागवावे लागले, आणि तोवर बॉयलर पेटवायचेच नाहीत असा आदेश निघाला. महिनोन् महिने देशाची एकुलती एक विमानवाहू नौका थंड पडून होती. पूर्वेकडे ढग दाटत होते. अखेर १९७१ च्या वसंतात, नवे ड्रम न बसवताच, दाब कमी ठेवून बॉयलर पेटवण्याचा निर्णय झाला. पंचवीस नॉटच्या जहाजाला सुरुवातीला चौदा नॉटची मर्यादा घातली गेली.

ज्याने बॉयलररूममध्ये काम केलं नाही त्याला याचा अर्थ चटकन कळणार नाही. ड्रमला भेग आहे हे माहीत असताना त्याच्यासमोर आठ-आठ तास उभं राहायचं. उष्णतेने घाम सुकतो, कानात नुसता घोंघाट, आणि नजर दाबाच्या काट्यावर. त्यात विमानवाहू नौकेला वेग हवा असतो तो नुसता पळण्यासाठी नव्हे. विमान उडवायला समोरून वारा लागतो आणि वारा कमी असेल तर तो जहाजाच्या वेगानेच निर्माण करावा लागतो. मंदावलेल्या 'विक्रांत'वरून ४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी सी हॉक विमानं उडाली आणि कॉक्स बाजारवर जाऊन आली. मग चितगाव. अलीझे विमानंही उडाली. हे शक्य झालं ते नौदलाच्या अभियंत्यांमुळे, गोदी कामगारांमुळे आणि त्या उष्णतेत उभ्या असलेल्या खलाशांमुळे. वैमानिकांच्या शौर्याच्या गोष्टी आपण सांगतो आणि सांगायलाच हव्यात. भेगाळलेल्या ड्रमसमोर उभ्या राहिलेल्यांची गोष्ट शाळेच्या पुस्तकात अजून आलेली नाही.

आणि 'विक्रांत'च्या शोधात निघालेली पाकिस्तानची 'गाझी'? तीही सेकंडहँडच. मूळची अमेरिकेची 'डायब्लो', १९४४ मध्ये पाण्यात उतरलेली, १९६४ मध्ये पाकिस्तानी नौदलात आलेली, पुढे तुर्कस्तानात रिफिट झालेली. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ ती बुडाली. महायुद्धातल्या दोन जहाजांवर दोन नव्या देशांनी त्या वर्षी केवढा भार टाकला होता, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

'विराट'बद्दल माझी तक्रार कमी आणि कौतुक जास्त आहे. 'हर्मिस' म्हणून १९४४ मध्ये बांधायला घेतलेली, १९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात आलेली, १९८२ च्या फॉकलंड युद्धातली ध्वजनौका. आपण ती १९८६ मध्ये घेतली, डेव्हनपोर्ट गोदीत नीट रिफिट करून घेतली आणि १२ मे १९८७ रोजी ती आपली झाली. विमान उडवायची पुढे उचललेली धावपट्टी, म्हणजे स्की-जंप, आधीच होती, सी हॅरियर विमानं आपल्याकडे आधीच होती, ब्रिटिश नौदलाचा अनुभव ताजा होता. म्हणजे घेणाऱ्याला काय मिळतंय ते ठाऊक होतं. ती ६ मार्च २०१७ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, आपल्या ध्वजाखाली राहिली; ब्रिटिशांकडे होती त्याहून जास्त. 'जलमेव यस्य, बलमेव तस्य' हे तिचं ब्रीद तिने निभावलं. सेकंडहँड जहाज नीट बघून घेतलं, त्याच्याबरोबर विमानं, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचा मेळ बसला, तर ते किती देऊ शकतं याचं हे उदाहरण.

आता 'विक्रमादित्य'. धर्माची गाय आणि दात का गं नाय, अशी आपल्याकडे म्हण आहे. युद्धनौका मात्र फुकट मिळाली तरी तिचे दात मोजलेच पाहिजेत. 'बाकू' नावाने १९८७ मध्ये सोव्हिएत नौदलात आलेली आणि पुढे 'अॅडमिरल गोर्श्कोव्ह' झालेली ही नौका १९९६ मध्ये रशियाने सेवेतून काढली. तिच्या बॉयलररूममध्ये १९९४ मध्ये स्फोट झालेला होता. २० जानेवारी २००४ च्या करारात जहाज फुकट आणि रिफिटचे ९७ कोटी ४० लाख डॉलर असं ठरलं. २००८ मध्ये ती मिळायची होती. सेवेरोद्विन्स्कच्या सेवमाश गोदीत तिचे पत्रे आणि केबल उघडायला सुरुवात झाली आणि माझ्या फोरमनचं वाक्य खरं ठरलं. सुमारे अडीच हजार कप्प्यांपैकी साडेसतराशे नव्याने करावे लागले. केबलचा अंदाज तर पार कोलमडला. २०१० मध्ये किंमत २३५ कोटी डॉलरच्या घरात गेली. कॅगने त्याच्या आदल्याच वर्षी या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं लोक म्हणाले, आणि त्यांना उत्तर द्यायला हातात काही नव्हतं.

माझ्या नजरेत त्या सगळ्या कथेतली सगळ्यात बोलकी जागा २०१२ ची आहे. समुद्रचाचणीत पूर्ण वेग घेतल्यावर आठपैकी सात बॉयलर बिघडले. कारण काय, तर आतल्या उष्णतारोधक विटांचं अस्तर टिकलं नाही. जुन्या पद्धतीत तिथे अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून आपण ते नको म्हटलं आणि विटा वापरल्या. आपण नको म्हटलं ते शंभर टक्के बरोबर होतं. पण जुन्या बॉयलरमध्ये एक वस्तू बदलली की तिच्याशी जोडलेल्या दहा गोष्टी पुन्हा तपासाव्या लागतात, आणि ते करारातच ठरलेलं असावं लागतं. आपण तो धडा आणखी एका वर्षाच्या उशिराने शिकलो. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ती दाखल झाली, जानेवारी २०१४ मध्ये कारवारला पोहोचली. तिच्यावर मिग-२९के उडवायला शिकलेले वैमानिक २०२२ मध्ये आलेल्या स्वदेशी 'विक्रांत'च्या कामी आले, हे मी नाकारत नाही. व्यवहार फसला असंही माझं म्हणणं नाही. कागदावर जहाजाची किंमत शून्य लिहिली गेली आणि त्या शून्याने सगळ्यांची दिशाभूल केली, एवढंच म्हणणं आहे.

'जलाश्व'चं उलट. १९७१ ची अमेरिकन सैन्यवाहू नौका 'ट्रेंटन' आपण साधारण पाच कोटी डॉलरला घेतली आणि २२ जून २००७ रोजी नॉरफोकला दाखल केली. एवढ्या मोठ्या जहाजाला ही किंमत काहीच नाही. मात्र तिच्या कागदांत अमेरिकेच्या तपासणीच्या आणि वापरावरच्या बंधनाच्या अटी होत्या, आणि कॅगने त्यावरही बोट ठेवलं. तरी मे २०२० मध्ये, साथीच्या ऐन भरात, हीच नौका मालेहून ६९८ माणसांना घेऊन कोचीला आली. त्या दिवशी टीव्हीवर तिचा करडा रंग पाहून माझ्या बायकोने हात जोडले होते. अटींचं काय ते अटींचं, पण जहाजाने आपलं काम केलं.

दुसऱ्यांकडे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. चिलीने २००५ मध्ये ब्रिटनच्या तीन टाइप-२३ फ्रिगेट घेतल्या, आणि पुढे त्यांचं रडार, क्षेपणास्त्रं आणि युद्धसंचालन यंत्रणा बदलण्याचं काम तालकावानोच्या स्वतःच्याच गोदीत केलं. जहाज परक्याचं असलं तरी त्याला उघडून पुन्हा बांधणारे हात स्वतःचे. पुढच्या दुरुस्तीला मग त्यांना कोणाचं तोंड बघावं लागणार नाही. चीनने 'वर्याग' या सोव्हिएत विमानवाहू नौकेचा अपुरा सांगाडा २००२ मध्ये दालियनला ओढून आणला आणि दहा वर्षं त्यावर राबून 'लियाओनिंग' केली.

आणि ब्राझील. फ्रान्सची १९६३ ची विमानवाहू नौका 'फॉश' त्यांनी २००० मध्ये केवळ एक कोटी वीस लाख डॉलरला घेतली, 'साओ पाउलो' नाव दिलं, आणि तिने बराच काळ गोदीतच काढला. मोडायला ती तुर्कस्तानकडे निघाली तर २०२२ मध्ये तुर्कस्तानने अॅस्बेस्टॉसच्या कारणावरून परवानगी मागे घेतली. परत आणली तर ब्राझीलमधलंच एकही बंदर तिला आत घ्यायला तयार नव्हतं. महिनोन् महिने टगच्या, म्हणजे ओढून नेणाऱ्या बोटीच्या, मागे ती फिरत राहिली, आणि ३ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या नौदलाने तिला अटलांटिकमध्ये, पाच हजार मीटर खोल पाण्यात बुडवलं. आत काय आहे याची भरवशाची यादी नसलेलं जहाज शेवटी कुठेच टेकू शकलं नाही. तिचीच बहीण 'क्लेमांसो' २००५ च्या अगदी अखेरीस गुजरातेत जहाजं मोडतात त्या आपल्या अलंगकडे निघाली होती. इथे अॅस्बेस्टॉसवरून केवढं वादळ झालं ते आपल्या लक्षात असेल. अर्ध्या वाटेतून फ्रान्सने तिला माघारी बोलावलं.

अॅस्बेस्टॉसबद्दल मी जरा जास्त बोललो असं वाटेल. मला बोलू द्या. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं अॅस्बेस्टॉसचं आवरण, हाताने काढायचो. वरचं कापड ब्लेडने उभं चिरायचं, मग आतला पांढरा थर ढलप्यांनी निघायचा. नवीन लावायचं तर बादलीत पूड घेऊन पाणी घालायचं आणि कणकेसारखी मळायची. तोंडाला असलाच तर रुमाल. जेवायच्या सुट्टीत कपडे झटकले की उन्हाच्या तिरिपीत ती पूड तरंगताना दिसायची, छान चमकायची. तेच कपडे घालून आम्ही लोकलने घरी जायचो आणि बायका ते धुवायच्या. आमच्या टोळीतले दोघे जण निवृत्तीनंतर फार दिवस राहिले नाहीत. त्यांना नेमकं कशाने नेलं ते मी डॉक्टर नसल्याने सांगणार नाही. पण त्यांचा खोकला माझ्या कानात आहे.

भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापर कायदा केला आणि जहाजं सुरक्षितपणे मोडण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करारातही सामील झाला. चांगलं झालं. त्या कायद्यानुसार व्यापारी जहाजावर घातक पदार्थांची यादी ठेवावी लागते: अॅस्बेस्टॉस कुठे, कोणत्या कप्प्यात, किती. पण युद्धनौका त्या कायद्यातून वगळलेल्या आहेत. सुरक्षेच्या कारणाने काही गोष्टी गुप्त राहाव्यात हे मला समजतं. पाइपावरचं लॅगिंग कशाचं आहे हे मात्र लष्करी गुपित नव्हे. कायद्याने सक्ती नसली तरी नौदलाने आपणहून प्रत्येक नौकेची अशी यादी करावी आणि दर रिफिटला ती पुढे लिहीत जावी. घेतलेल्या जहाजाची यादी विकणाऱ्याकडून हक्काने मागावी. दिलेल्या जहाजाबरोबर ती न मागता द्यावी. 'कृपाण' एक दिवस म्हातारी होईल. तेव्हा ती मोडायला बसणारा व्हिएतनामी कामगार मला परका वाटत नाही.

शेवटाचं बोलायचं तर 'विक्रांत'ने आपल्याला पुरेसं शिकवायला हवं होतं. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली तेव्हा मी मुलीला घेऊन गेलो होतो. तिला विमानं बघायची होती, मला खाली बॉयलररूमकडे जायचं होतं. २०१२ मध्ये जहाज धोकादायक म्हणून संग्रहालय बंद झालं. सांभाळायचा खर्च कोणी उचलायचा ते ठरेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि साठ कोटींना विकली गेलेली 'विक्रांत' २०१४ च्या अखेरीस मुंबईत जहाजं मोडतात त्या दारूखान्यात गॅसकटरखाली गेली. बरं, एकदा चुकलो असं म्हणावं, तर 'विराट'चंही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. ती कागदावरच राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये टगने ओढत तिला मुंबईतून अलंगला नेलं. किंमत आली ३८ कोटी ५४ लाख. ती किनाऱ्याला लागल्यावर पुन्हा न्यायालय, स्थगिती, आणि एप्रिल २०२१ मध्ये सगळं संपलं.

प्रत्येक जहाज जपता येत नाही. लोखंड समुद्राच्या पाण्यात कसं सडतं हे मी कोणाहून कमी जाणत नाही, आणि संग्रहालय उभं करून त्याची देखभाल न करणं मला लिलावाहून वाईट वाटतं. पण निर्णय निवृत्तीनंतर घ्यायला बसलो की वेळ आणि पैसा दोन्ही हातातून गेलेले असतात. १९७८ मध्ये 'दिल्ली' निवृत्त झाली तेव्हा आपण तिचा एक तोफबुरूज न्यूझीलंडला भेट दिला, कारण 'अकिलीस' म्हणून ती त्यांची होती. तो आजही ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या दारात उभा आहे. संपूर्ण जहाज नाही, एक बुरूज. तेवढं जपायला एक चौथरा आणि रंगाचे डबे पुरतात. दाखल करतानाच ठरवलेलं असतं, तर 'विराट'ची स्की-जंप, 'विक्रांत'चा एखादा बॉयलर, तो भेगाळलेला ड्रमसुद्धा, आज कुठल्या तरी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात मुलांना हात लावून बघता आला असता.

तेव्हा माझं मागणं पुन्हा सांगतो, जरा बारकाव्याने. पहिली किंमत ठरवण्याआधी जहाज उघडून पाहावं, आणि पाहणाऱ्या पथकात अधिकाऱ्यांबरोबर गोदीतले चार जुने हात असावेत. फिटर, वेल्डर, लॅगर, इलेक्ट्रिशियन. त्यांना नकारात्मक शेरा लिहायची मुभा असावी आणि तो शेरा फायलीतून काढू नये. सुटे भाग किती वर्षं मिळणार ते लिहून घ्यावं. देणारे आपण असू तर लिहून द्यावं, आणि ते पाळावं. १९७० मध्ये ब्रिटनकडच्या ड्रमची वाट बघणं काय होतं ते आपण भोगलं आहे, तसं कोणाला आपल्याकडे बघत बसावं लागू नये. श्रीलंकेची 'सयुरा' म्हणजे आपलीच 'सरयू', २००० सालापासून तिथे आहे. तिच्या खलाशाला एखादं गास्केट हवं असेल तर ते मिळायला किती दिवस लागतात, याची चौकशी मुख्यालयाने एकदा जरूर करावी. जहाज जुनं असताना मैत्री अशाच गोष्टींवर टिकते.

आणि रिफिटच्या नोंदी जपाव्यात. मोठमोठ्या रिफिटमध्ये काय सापडलं, काय बदललं, कुठला व्हॉल्व्ह कुठे हलवला, कोणता उपाय फसला. यातलं बरंच फायलींत कधी आलंच नाही, ते माणसांच्या डोक्यात आहे. 'विक्रांत'चे बॉयलर १९७१ मध्ये पेटवणारे जे कोणी हयात असतील ते आता ऐंशीच्या आसपास आहेत. 'विराट'वर राबलेले साठी-सत्तरीत आहेत. त्यांना बोलवावं, समोर आराखडे पसरावेत, आणि त्यांनी बोट ठेवून दाखवलेलं सगळं ध्वनिमुद्रित करावं. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत; एक खोली, एक टेबल आणि ऐकून घेणारा एखादा तरुण अभियंता लागतो.

पुढच्या वेळी एखाद्या मित्रदेशाला आपण नौका देऊ, तेव्हा तिच्याबरोबर जाणाऱ्या पेट्यांमध्ये एक पेटी या कागदांची असावी: दुरुस्त केलेले आराखडे, घातक पदार्थांची यादी, रिफिटची वही. ती पेटी भरायला माणसं कमी पडली तर आम्हाला निरोप द्यावा. चष्मा लागला आहे, गुडघे कुरकुरतात, पण शिडी उतरून इंजिनरूममध्ये अजून जाता येतं.

कळावे,
आपला नम्र,
जहाजदुरुस्तीतला एक निवृत्त चार्जमन, मुंबई